उतरवणीची चादर

मक्याची अरेपा, म्हणजे आमची भाकरी, मोडता मोडता माझ्या नवऱ्यानं, विल्मारनं सांगितलं, “यंदा खिळ्यांचं तबक आपल्या सलोमेच्या हातात.” त्याला कोण आनंद झाला होता. मी मात्र आधी वर बघितलं, जसं आमच्या छतालाच काही टांगलंय.

गुड फ्रायडेच्या दुपारी आमच्या गावात चर्चमधला लाकडी ख्रिस्त क्रुसावरून उतरवतात. मूर्ती माणसाएवढी, पण माणसापेक्षा जड. काखांखालून लांब पांढरी चादर घालून तिची टोकं क्रुसाच्या आडव्या लाकडावरून मागं घेतात, आणि शिड्यांवरची दोन माणसं ती हळूहळू सैल सोडतात. बरोबर खाली, पंख लावलेली एक लहान मुलगी तबक घेऊन उभी असते. उपसलेले खिळे तिच्या तबकात ठेवतात. सलोमे चार वर्षांची आहे. उभी राहा म्हटलं की जागची हलत नाही. दुसऱ्या आयांना याचं कौतुक वाटलं असतं.

चादर शेजारच्या म्हाताऱ्या दोन्या दिओसेलीना धुतात; दोन्या म्हणजे आमच्याकडे बाई. त्या आठवड्यात ती त्यांच्या अंगणात वाळत होती, इतकी पांढरी की डोळे दिपावेत.

“बघतेस काय, हात लाव,” त्या म्हणाल्या. “गेल्या वर्षीपेक्षा उजळ आहे की नाही?”

“क्लोरीन किती घालता, दोन्या?”

“बुडेल इतकं. रात्रभर ठेवते. देवाच्या कामात काय चिकटपणा करायचा? इस्त्री फिरवली की पिवळी पडते मेली, मग परत बुडवते.”

मी काठाचा एक धागा ओढला. तो तुटला नाही, नुसता सुटून हातात आला.

सलोमे होईपर्यंत मी मेदेयीन शहरातल्या एका कापड गिरणीत, ब्लीचिंगच्या प्रयोगशाळेत होते. कापसाला क्लोरीन जास्त झालं की धागा आतून बदलतो. दिसायला तसाच, उलट जास्तच पांढरा, पण त्यातला दम गेलेला असतो. त्याला आम्ही ऑक्सिसेल्युलोज म्हणायचो. एखाद्या ठाणावर हा शेरा पडला की ते विक्रीला जात नसे, चिंध्यांत जाई. कुणी हुज्जत घालत नसे.

घरी घशाला लावायचं निळं औषध होतं. त्यात मी तो धागा बुडवला, आणि नव्या उशीच्या अभ्र्याचा एक. दोन्ही धुतले. अभ्र्याचा बराच निवळला. चादरीचा गडद निळाच राहिला; दम गेलेला कापूस हा रंग सोडत नाही.

दोन्ही धागे घेऊन मी डॉन हेरिबेर्तोंकडे गेले. उतरवणीचं सगळं तेच बघतात. चर्चच्या ओसरीवर माणसं बसली होती, दोन्या दिओसेलीनाही होत्या.

“ऑक्सि... काय म्हणालीस?” डॉन हेरिबेर्तो म्हणाले. “मूळव्याधीचं औषध वाटतंय.”

माणसं हसली.

“म्हणजे चादर कुजली आहे, डॉन हेरिबेर्तो. वजन पेलणार नाही. फाटेल.”

“गेल्या वर्षी पेललं, त्याच्या आदल्या वर्षी पेललं. यंदाच काय देव जाड झालाय?”

“मग आतून नायलॉनचा पट्टा तरी शिवू द्या. मी शिवते, दिसणारसुद्धा नाही.”

“तो काय फ्रीज आहे, लिबिया, पट्ट्यानं उतरवायला? आणि परवानगीशिवाय देवाच्या चादरीचा धागा काढलास, वर निळाही केलास.”

दोन्या दिओसेलीनांनी माझ्या हातातला निळा धागा घेतला आणि ॲप्रनच्या खिशात ठेवला.

घरी येऊन मी सांगितलं, सलोमे उभी राहणार नाही. विल्मार मान खाली घालून बसला. त्याची बहीण नोरेली तिथंच होती. ती म्हणाली, “वहिनी, तुझं चाललं तर तू पोरीला श्वासही गाळून देशील. माझी लुना राहील उभी. पंख तिला बसतात.”

“नोरेली, कुणाचीच मुलगी नको. तबक टेबलावर ठेवा.”

“टेबलाला पंख लावू?”

शुक्रवारी मी सलोमेला कडेवर घेऊन अगदी पुढं उभी राहिले. त्याआधी लुनाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मी हाक मारली की तबक टाकायचं आणि माझ्याकडे पळायचं. तिनं विचारलं, “टाकलं तर आई रागावेल ना?” मी म्हटलं, नाही रागावणार.

उजव्या हाताचा खिळा निघाला, मग डाव्या हाताचा. सगळ्यात शेवटी पायांचा. चादर ताणली गेली, मूर्ती क्रुसापासून सुटली आणि एक वीतभर खाली आली. फाटण्याचा आवाज म्हणावा असा झालाच नाही. शिळा पाव मोडावा तशी चादर मधोमध गेली. मी हाक मारली. लुनानं आधी तबक नीट खाली ठेवलं.

तिचा डावा पाय गुडघ्याखाली राहिला नाही.

मेदेयीनच्या इस्पितळात नोरेली मला एवढंच म्हणाली, “तुला माहीत होतं. तुझी तेवढी काढून घेतलीस.” त्यानंतर तिनं मला दारात उभं केलं नाही. मी विल्मारबरोबर सूप पाठवते, पातेलं भरलेलं परत येतं. दुकानात मी शिरले की बोलणं थांबतं. पोरांनी मला नाव ठेवलंय, ऑक्सिसेल्युलोज. आता मात्र कुणाची जीभ अडखळत नाही.

एका सकाळी दोन्या दिओसेलीना आल्या. बसल्या नाहीत. खिशातून तो निळा धागा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

“तो शब्द काय होता, ते मला नीट सांग.”

मी सांगितलं. क्लोरीन काय करतं, इस्त्रीखाली पिवळं का पडतं, आणि परत बुडवलं की काय होतं.

“म्हणजे मी जितकी धुतली, तितकी...”

“हो, दोन्या.”

दुसरं काही बोलता आलं असतं. जुनी होती, म्हणता आलं असतं. पण त्या माझ्या तोंडाकडेच बघत होत्या.

“नोरेलीला हे सांगितलंस?”

“ती दार उघडत नाही.”

“मी सांगते. तुझ्यावर कशाला राग धरायचा तिनं? धुतली मी.”

त्यांनी धागा उचलला आणि समोर नोरेलीच्या घरी जायला रस्ता ओलांडला. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी दार वाजवलं, थांबल्या, परत वाजवलं. आतून लुनाचा आवाज आला, मग आईनं तिला गप्प केल्याचा. दार उघडलं नाही. दोन्या दिओसेलीना पायरीवर बसल्या, क्लोरीननं सोललेले हात मांडीवर ठेवून.

सलोमे खिडकीशी येऊन विचारू लागली, आजी तिथं का बसल्यात. मी पडदा ओढला आणि तिला आत घेऊन गेले. पुन्हा आले, तेव्हाही त्या तिथंच होत्या.