दोघांत एक ड्रायव्हर

"कुठं थांबायचं ते कळतं मला. डोकं नको खाऊस," अम्मा पुटपुटली, आणि तिनं गाडी थांबवली.

"थांब कुठं म्हटलं? पाटी आली, एवढंच म्हटलं," आफी म्हणाले.

हे माझे सासू-सासरे. माझी लेक डीसा त्यांना आमच्या आइसलँडी चालीप्रमाणे अम्मा आणि आफी, म्हणजे आजी आणि आजोबा, म्हणते. तिचं ऐकून आम्ही सगळेच म्हणतो. माझी गाडी गॅरेजात होती, म्हणून चर्चच्या तळघरातल्या कॉफीला मी त्यांच्याबरोबर निघाले होते. मागच्या सीटवर, मांडीवर अम्माच्या हातचा आलुबुखाऱ्याचा थरांचा केक.

आफींचा खुबा गेलाय, ब्रेक दाबवत नाही. अम्माचे पाय ठणठणीत. तिच्या डोळ्यांबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही. मॅनिटोबातल्या या सरळसोट रस्त्यांवर दोघांनी कामं वाटून घेतली होती: बघायचं आफींनी, चालवायचं अम्मानं. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा म्हणतात, तसं. उरलेलं काय ते गाव सांभाळून घ्यायचं. त्यांची हिरवी गाडी दिसली की लोक आपली गाडी कडेला घेऊन उभे राहायचे आणि हात करायचे. आफी हळूच सांगायचे, "हात कर." अम्मा थाटात हात करायची.

"अपघात कशानं होतात माहितेय?" अम्मानं मला विचारलं. "दारू, फोन आणि घाई. यातलं एक तरी आहे का माझ्यात? पट्टा लावलास ना गं?"

"लावलाय, अम्मा."

"मग झालं तर. सोमवारपासून तुझी नोकरी सुरू. डीसाला शाळेतून मीच आणणार."

"बघू," मी म्हटलं. भित्र्या माणसाला या शब्दाचा फार आधार असतो.

ऊन थेट समोरून येत होतं. हीटरची छान ऊब होती. आफी बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, रुसले. मी केकचं झाकण नीट बसवत होते. मान वर केली तेव्हा हायवेच्या चौकातली 'थांबा'ची लाल पाटी खिडकीतून मागे चालली होती.

"अम्मा!"

भोंगा इतका मोठा वाजला, की केक माझ्या पायाशी पडला. धान्याचा ट्रक आमच्या गाडीच्या अगदी मागून घसरत गेला आणि खडी उडवत कडेच्या चरात तिरका उभा राहिला. शेजारच्या वाल्डीचा ट्रक. आफींची हनुवटी छातीवरून झटक्यात वर आली.

"काय मेली घाई असते लोकांना!" असं म्हणून अम्मा तशीच पुढे गेली.

 मी खाली वाकून केक गोळा करत राहिले.

आम्ही तळघरात बसलो, आणि थोड्या वेळानं वाल्डी आला. चेहरा पांढराफटक. आल्या आल्या तो धपकन आमच्या टेबलाशी बसला.

"काय रे, काय झालं?" अम्मानं विचारलं.

"काही नाही अम्मा. चरात गेलो जरा. खडी सैल होती."

"हळू चालवत जा रे बाबा. बायको आहे, पोरं आहेत."

"हो, अम्मा."

सगळं टेबल आपापल्या कपात बघू लागलं. कुणीतरी तळ्यावरच्या बर्फाचा विषय काढला. कुणी चेपलेल्या केकची उगाचच तारीफ केली.

"सोमवारी नातीला आणायला जाणारेय मी," अम्मा सगळ्यांना सांगत होती. "तिची आई 'बघू' म्हणते. यात बघायचंय काय?"

'बघू' पुन्हा माझ्या जिभेवर आलंच होतं. आफींनी कप खाली ठेवला आणि अम्माला नावानं हाक मारली.

"लाउगा, मघाशी मला झोप लागली होती."

"कधी?"

"चौकाच्या आधी. त्या नव्या गोळ्यांनी डोळा लागतो."

"मग झोपायचं खुशाल. चालवत तर मी होते."

आफींनी टेबलावरचा तिचा हात हातात घेतला, अंगठ्यानं तिच्या बोटांवरची पिठीसाखर पुसली.

"तेच तर गं," ते म्हणाले. "तुला दिसत नाही, लाउगा."