आमलोणची गाळपेर जमीन

मी आमलोणला ग्रामसेवक म्हणून रुजू झालो ते त्रेसष्ट साल. पहिल्याच सभेला पाहिलं, पंचायतीच्या सतरंजीवर दाराजवळ एक बाई बसलेली आहे. पन्नाशीची, काटक, पांढरं लुगडं. मी विचारलं, तेव्हा सरपंच हसून म्हणाले, "मेंबर हाय ते. पंचफुला."

कायद्याप्रमाणे दोन जागा बायकांच्या भराव्या लागत. एका जागेवर सरपंचांच्या भावजयीचं नाव होतं. त्या कधी सभेला आल्या नाहीत. सहीसाठी रजिस्टरच त्यांच्या घरी जाई. पंचफुलाबाईंचा अंगठाही असाच वस्तीत जाऊन घ्यायचा, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण पंचफुलाबाई स्वतः आल्या. पहिल्या दिवशी त्या सतरंजीवर बसल्या तेव्हा दोन मेंबर उठून भिंतीशी उभे राहिले म्हणे. पुढच्या महिन्यात एकच उठला. मी आलो तोवर कोणी उठत नव्हतं.

आमलोण यवतमाळ जिल्ह्यात, नेरच्या बाजूला. मोटार नेरलाच सोडायची आणि पुढे अडीच कोस चालायचं. गावात तीन विहिरी होत्या, पण त्यांचं पाणी माघातच तळाला जाई. त्यानंतर आषाढापर्यंत सगळ्या गावाची तहान तलावावर. जुन्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधलेला तो तलाव. छप्पनच्या दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या बायकांनी वरच्या घाटावर घागरी बुडवल्या. त्या वेळी दगड आले, मग पोलीस आले, आठ दिवस गाव धुमसला. पहिली घागर पंचफुलाबाईंची होती. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, गावानेच सांगितलं.

उन्हाळा जवळ आला की तलावाचं पाणी मागे सरकत जाई आणि काळा, लोण्यासारखा गाळ उघडा पडे. ती गाळपेर जमीन बासष्टपासून पंचायत भूमिहीनांना वर्षावर्षाच्या कराराने देत होती. सात कुटुंबं होती. पंचफुलाबाईंना अर्धा एकर मिळालेली. नवरा, भीमराज, जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्या तिथे हरभरा, टरबुजं आणि वांगी लावत. एकदा मोजणीला गेलो तर त्या बांधावर नुसत्याच बसलेल्या दिसल्या.

"काय, काम नाही आज?" मी विचारलं.

"हाय ना सायेब. निंदाचं हाय." त्या म्हणाल्या. "तीस वर्सं दुसऱ्याच्या वावरात निंदलं. इथं हात चालत नाही. गवतही आपलंच वाटते."

सरपंच नीळकंठराव वाईट माणूस नव्हते. शाळेच्या दोन खोल्या त्यांनी उभ्या केल्या, दवाखान्यासाठी तालुक्याच्या खेपा घातल्या. तलावाच्या उगवतीच्या चढावर त्यांचा संत्र्यांचा बगीचा होता. चौसष्टात फवारणीचं नवं औषध गावात आलं, ते पहिल्यांदा त्या बगीच्यात. पाठीवरच्या पंपाने गडी फवारायचा आणि संध्याकाळी पंप तलावाच्या खालच्या घाटावर खंगाळायचा. उरलंसुरलं औषध बाटलीत घालून गाळपेरवाले मागून नेत. त्यांच्याकडे पंप कुठून येणार? डब्यात पाणी घ्यायचं, त्यात झाकणभर औषध ओतायचं आणि केरसुणी बुडवून वांग्यांवर शिंपडायचं. अळी मरायची. लोक खूश होते.

त्या औषधाबरोबर इंग्रजीत छापलेला एक कागद आला होता. मी तो वाचला होता. पाण्याजवळ वापरू नये, भांडी वाहत्या किंवा साठलेल्या पाण्यात धुऊ नयेत, असं त्यात स्पष्ट होतं. मी तो फाईलला लावला. कोणाला वाचून दाखवला नाही. कागद आला की फाईलला लावायचा, एवढंच मला शिकवलेलं होतं.

पासष्टच्या फाल्गुनात एका सकाळी मासे वर आले. पांढरी पोटं करून काठाला लागले. मासे धरणाऱ्या भोयांनी ते उचलले नाहीत, इतरांनाही उचलू दिले नाहीत. "पान्याले काही तरी झालं," असं ते म्हणत होते. मी पंचायत समितीला पत्र लिहिलं आणि उत्तराची वाट पाहू लागलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सात गाळपेरवाल्यांतल्या उकंडाची नात, नलू, आजोबाला भाकर घेऊन गाळपेरीत गेली. सहा वर्षांची पोर. उन्हाची चालून आली होती. पंचफुलाबाईंच्या बांधाखाली पाणी गुडघाभर होतं, तिथे ती वाकली आणि ओंजळीने प्याली. तास दीड तासाने तिला उलट्या सुरू झाल्या, मग झटके. उकंडा तिला खांद्यावर घेऊन तलावाची पाळ चढला. गावातल्या देवसिंगची बैलगाडी मिळाली. मीही गाडीत होतो. नेरचा दवाखाना दिसायला लागला तेव्हा उकंडाच्या मांडीवरचं ते हलणं थांबलं, आणि आम्हाला वाटलं की पोरीला बरं वाटलं.

डॉक्टरांनी पापणी उचलून पाहिली. "पोटात औषध गेलंय," ते म्हणाले. "शेतात मारतात ते. कुठलं पाणी प्याली?"

उकंडाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तलावाचं."

पाच दिवसांनी पंचायतीची सभा भरली. बाहेर ओट्यावर अर्धा गाव बसला होता. उकंडा खांबाला टेकून होता.

नीळकंठरावांनी ठराव सांगितला आणि मी लिहीत गेलो. तलाव हा गावाच्या पिण्याच्या पाण्याचा. सबब तलावाच्या पोटातली शेती आजपासून बंद. सातही करार रद्द. "कोनाचं काही म्हननं हाय?" त्यांनी विचारलं. मेंबरांनी माना हलवल्या.

पंचफुलाबाई उठून उभ्या राहिल्या. सभेत उभं राहून बोलायची पद्धत नव्हती.

"त्या दिवशी सकाळी म्या डबा धुतला," त्या म्हणाल्या. "त्याच ठिकानी. औषधाचा डबा. वांग्याले शिंपडलं आन् तिथंच धुतला. नलू तिथंच पेली."

उकंडा तसाच टेकून राहिला. त्याला हे आधी ठाऊक होतं की नाही, मला कळलं नाही.

"म्या त्यायच्या घरी जाऊन सांगतलं," माझा प्रश्न ऐकल्यासारख्या त्या म्हणाल्या. "पह्यल्या दिवशीच. आता सभेत सांगतो. माही जमीन घ्या, पाटील. मले नाही पाह्यजे. पन बगीच्याचा पंप कुठं धुतात, थे बी लिवा. मासे मेले तवा आमी कोनी शिंपडलं नोतं. तुमच्या गड्यानं धा पंप मारले व्हते."

नीळकंठरावांचा आवाज चढला नाही. "बगीचा माह्या मालकीच्या वावरात हाय, पंचफुला. पंचायतीच्या जमिनीत नाही. त्याचा इथं काय संबंध?"

"सायेब," त्या माझ्याकडे वळल्या. "नकाशात तलावाची हद कुठवर हाय?"

मला माहीत होतं. मोजणीच्या वेळीच मी पाहिलं होतं: बगीच्याच्या खालच्या दोन ओळी तलावाच्या गटात होत्या. चाळीसेक झाडं. नकाशा माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. नीळकंठराव माझ्याकडे पाहत होते. धमकावून नव्हे, नेहमीसारखेच. त्यांच्याच घरी मी जेवत होतो.

"नकाशा पाहावा लागेल," मी म्हणालो.

"पाहू मंग, पुढच्या सभेत," नीळकंठराव म्हणाले, आणि ठराव मंजूर झाला.

मी रजिस्टर फिरवलं. पंचफुलाबाईंनी शाईची डबी बाजूला सारली. "हा अर्धाच लिवला तुमी," त्या म्हणाल्या. "पुरा लिवान तवा अंगठा देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळेवर गेलो. पंचफुलाबाई खाली आपल्या अर्ध्या एकरात वांग्याची झाडं उपटत होत्या. फळांनी लगडलेली झाडं, जांभळी वांगी उन्हात चमकत होती. एकही वांगं त्यांनी बाजूला काढलं नाही. पाळेच्या पलीकडे, पाण्यापासून लांब, त्यांनी खड्डा खणला होता. टोपलीने झाडं नेऊन त्यात टाकत होत्या. बाकीचे गाळपेरवाले बांधावर उभे होते. त्यांतली रुक्माबाई त्यांना तोंडावर बोलली, "तुह्या डब्यापायी आमचीबी जमीन गेली. तुले लेकरूबाकरू नाही, तुले काय!" पंचफुलाबाईंनी पुढचं झाड उपटलं. मग उकंडा आला. त्याने पागोटं काढून बांधावर ठेवलं आणि दुसऱ्या टोकापासून झाडं उपटायला लागला. दुपारपर्यंत वावर मोकळं झालं.

त्या दिवशी मला नीळकंठरावांकडे जेवायला जाववेना. संध्याकाळी मी कपाट उघडलं, नकाशा काढला आणि तो घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते ओसरीवर बसले होते.

"ग्रामसभेत मी हा भिंतीला लावणार आहे," मी म्हणालो. "म्हणून आधी तुम्हाला सांगायला आलो."

त्यांनी नकाशा हातात घेतला नाही. बगीच्याकडे हात केला. "मधुसूदनराव, सात वर्सं झाली थ्या झाडाईले. कावडीनं पानी घातलं म्या. माहा बाप म्हने, हद पाय, हद पाय. म्या म्हटलं, पडीकच तं हाय."

"पाहायला हवी होती," मी म्हणालो.

"तुमची नोकरी नवी हाय," ते म्हणाले. एवढंच.

चैत्रात ग्रामसभा भरली. मी नकाशा खिळ्यांनी भिंतीला लावला. इंग्रजी कागदही फाईलमधून काढला आणि मराठीत वाचून दाखवला. हा कागद माझ्याकडे आठ महिने होता, हेही सांगितलं. लोकांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नीळकंठराव म्हणाले, पंप घाटावर धुणं बंद करतो, पण झाडं सात वर्षांची आहेत, ती तोडा कसं म्हणता. तेव्हा उकंडा पहिल्यांदा बोलला.

"नलू सहाची व्हती, पाटील."

ठराव पुरा लिहिला गेला. तलावाच्या हद्दीत कोणाचीही लागवड नाही, हद्दीपासून शंभर पावलं फवारणी नाही, तलावात पंप, डबा, काहीही धुवायचं नाही. पंचफुलाबाईंनी अंगठा दिला. नीळकंठरावांनीही सही केली.

लिहिणं आणि होणं यांत अंतर पडलंच. धुणं त्याच दिवशी थांबलं. झाडं मात्र उभी राहिली. नीळकंठरावांच्या मुलाने तहसिलीत अर्ज लावला आणि तारखा पडत गेल्या. दोन महिन्यांत माझी बदली दूर उमरखेडच्या बाजूला, ढाणकीला झाली. ती कोणी करवली हे मी विचारलं नाही. झाडं शेवटी सदुसष्टात तुटली. तोवर नीळकंठराव सरपंच राहिले नव्हते.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात मी कामानिमित्त यवतमाळला गेलो होतो. कचेरीच्या व्हरांड्यात पंचफुलाबाई भेटल्या, खाली फरशीवर बसलेल्या. सात कुटुंबांना दुसरीकडे पडीक जमीन मिळावी म्हणून अर्ज घेऊन आल्या होत्या. तिसरी खेप. रुक्माबाईही बरोबर होती. अर्ज कोणीतरी घाईघाईत लिहून दिलेला, गट नंबरही चुकलेला. मी तिथेच बसून नवा लिहिला. पुढे त्या अर्जावर तीन कुटुंबांना जमीन मिळाली, रुक्माबाईला धरून. पंचफुलाबाई एकट्या, कुटुंब नाही, म्हणून त्यांचं नाव वगळलं गेलं. त्या शेवटपर्यंत मजुरीलाच जात राहिल्या.

त्या दिवशी अर्ज आत दिल्यावर आम्ही चहा घेतला. मी तलावाचं विचारलं.

"चांगलं हाय पानी," त्या म्हणाल्या. "पह्यलं वर्स कोनी तोंडाले लावत नोतं. मंग मासे आले, तवा लोक याले लागले. आता सारेच पेतात."

"आणि उकंडा?"

"थो नाही पेत." त्यांनी कप खाली ठेवला. "देवसिंगच्या वावरातल्या विहिरीवरून आनते. लय लांब पडते त्याले. म्या म्हटलं, मी आनून देत जातो. तं म्हने, राहू दे."