भिंतीवरचं बटण

मी एक जुना राऊटर आहे. लाकडाच्या कडा गोल करणं, खाचा पाडणं हे माझं काम. मित्रांनो, कामठी रोडवरच्या चंपतरावांच्या कारखान्यात मी १९६८ साली आलो. पारशिवनीकडचं कडक सागवान मी पुष्कळ कापलं. एक गोष्ट खात्रीने सांगतो, वेग बरोबर असेल तर मी कुणाला इजा करत नाही.

माझा हिशेब सोपा आहे. कटर लहान असेल तर मोटरचा पट्टा वरच्या पुलीवर, मी जोरात फिरतो. कटर मोठं असेल तर पट्टा खालच्या पुलीवर, मी सावकाश फिरतो. सावकाश म्हणजे मिनिटाला सहा हजार फेरे. कटरला दोन दात, एका दाताने पाव मिलिमीटर लाकूड काढायचं, म्हणजे फळी मिनिटाला तीन मीटर सरकवायची. फार हळू सरकवली तर लाकूड जळतं. घाईने ढकलली तर फळी उलटी फेकली जाते.

हा हिशेब चंपतरावांच्या बायको पंचफुलाबाई रोज विचारून घेत. माझं बटण समोरच्या भिंतीवर होतं आणि ते त्याच दाबत.

"कटर कोन्तं?"

"मोठं."

"पट्टा कुठं हाये?"

"खाली."

"फळी किती सरकवता?"

"मिनिटाले तीन मीटर. दाब ना वं आता!"

खाप्याचं एक गिऱ्हाईक हसलं, "काहून गा चंपतराव, रोजच परीक्षा?"

"म्हून तं दहाही बोटं शाबूत हायेत!" चंपतराव म्हणाले.

पुढे पंचफुलाबाई तापाने गेल्या. चंपतरावांनी बटण भिंतीवरून काढून माझ्या बाजूलाच बसवलं. प्रश्न बंद झाले.

कोराडीच्या वसाहतीची दारं करायची होती. चंपतरावांनी मोठं कटर लावलं. पट्टा मात्र आदल्या दिवशीसारखा वरच राहिला. त्या वेगात मोठं कटर फुटलं असतं, आणि त्यांचे हात अगदी समोर होते. मला कळत होतं, पण मला बोलता येत नाही. त्यांचं बोट बटणावर गेलं.

सून लतिका मागच्या घरातून चहा घेऊन दारात आली होती. "मामाजी, पट्टा कुठं हाये?"

"तुले काय करायचं?"

"सासूबाई पुसत होत्या ना. मी सैपाकघरातून रोज आयकत होती."

चंपतराव खाली वाकले. त्यांनी पट्टा पाहिला.

"वर हाये," ते म्हणाले.

"मंग खाली घ्या. चहा झाकून ठेवते."

दुसऱ्या दिवशी बटण पुन्हा भिंतीवर गेलं आणि लतिका तिथे उभी राहिली.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, कटरला धार लावा. पण सुरू करण्याआधी कुणाला तरी विचारू द्या, आणि न चिडता उत्तर द्या. त्या दिवशी लतिकाने तिन्ही प्रश्न विचारले. तिन्ही उत्तरं बरोबर आली. मग मी फिरलो.