न चढलेला आकडा

अ‍ॅम्ब्युलन्स चालवण्यात वीस वर्षं गेल्यामुळे सगळे त्याला ‘अर्धे डॉक्टर’ म्हणत आणि त्यालाही ते मनापासून पटलं होतं. त्यामुळे भर दुपारी शाळेच्या गणवेशांना बटणं लावता लावता वहिनी छाती धरून वाकली, तेव्हा त्याने मागचापुढचा विचार केला नाही. तिला उचललं, गाडीत घातलं आणि हॉस्पिटलच्या दारातच जाहीर करून टाकलं, “हार्ट अटॅक!”

डॉक्टरबाई त्याच्या मुलीच्या वयाच्या. ईसीजीत ठोस काही दिसेना. तासाभराने रक्ताचा रिपोर्ट आला. ट्रोपोनिन थोडं वाढलं होतं.

“म्हणजे हृदयाला इजा झालीये. मग वाट कसली बघताय?” त्याचा आवाज चढला.

“इजा झालीये, पण कशामुळे, ते हा आकडा सांगत नाही.” बाई स्टूल ओढून वहिनीजवळ बसल्या. “काकू, कळ कधी येते?”

“श्वास घेतला की. सुई टोचल्यासारखी.”

“आणि काम? बसून?”

“आठवडाभर बारा-बारा तास, जागचं न हलता. हे भाऊजी ओरडायचे, पण ऐकतंय कोण!”

तो चपापला. वाटेत आपण हिला एकही प्रश्न विचारला नाही, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

बाईंनी ट्रोपोनिन पुन्हा करायला सांगितलं आणि सोबत डी-डायमरही. “शरीरात कुठे रक्ताची गुठळी झाली असेल, तर तिचे विरघळलेले अंश यात सापडतात,” त्यांनी त्याला समजावलं. एवढ्या घाईगर्दीत, ओरडणाऱ्या माणसाला!

अटॅक असता तर दुसऱ्या वेळी ट्रोपोनिन चढलं असतं. ते होतं तिथेच राहिलं. डी-डायमर मात्र कितीतरी पट जास्त निघालं. “नुसत्या यावर विसंबायचं नाही,” म्हणत बाईंनी लगेच स्कॅन करवला. गुठळी फुप्फुसात होती. हृदयावर ताण पडला होता तो तिच्यामुळेच. औषध ताबडतोब सुरू झालं.

सहाव्या दिवशी वहिनी स्वतःच्या पायांनी चालत घरी आली.

गाडीतळावर त्याने ही हकिगत सगळ्या ड्रायव्हरांना रंगवून सांगितली. बाईंचं तर तोंड भरून कौतुक केलं.

“आणि तू काय केलंस?” एकाने डिवचलं.

“मी? गप्प बसलो,” तो म्हणाला, “जन्मात पहिल्यांदा.”