काठ राहिलेली चटई

बापाचा गोरा रंग माझ्या अंगावर उतरला आणि तोच माझ्या मुळावर आला. गोऱ्या बापाची आणि आमच्यातल्या आईची असली पोरं गोऱ्या सरकारचे पोलीस उचलून न्यायचे, कायमची. त्या सकाळी घोडे दिसले तशी आजीनं केवड्याच्या पानांची चटई इरल्यासारखी माझ्यावर पालथी घातली आणि तिलाच टेकून बसत तिचा विणायचा राहिलेला काठ विणू लागली.

"हूं की चूं केलंस तर मीच मारीन!"

पोलीस उतरला. "पोर कुठाय, म्हातारे?"

"तुझ्या आईला विचार."

मेल्यानं तिचा हात जमिनीवर दाबला आणि टाचेनं बोटं चिरडली. हाडं मोडलेली मी आतून ऐकली. आजीनं दुसऱ्या हातानं कंद उकरायची काठी त्याच्या नडगीवर हाणली. मग त्यानं तिला बंदुकीच्या दस्त्यानं बडव बडव बडवलं. मी स्वतःचा दंड चावून धरला होता.

त्याच्याबरोबरचा माग काढणारा आमच्यातलाच होता. त्याचं नाव घेत नाही, मेलेल्याचं घेऊ नये. माझ्या पावलांचा माग काढत तो चटईपाशी आला आणि थबकला. आमच्या नात्याच्या हिशेबानं तो आजीचा जावई लागायचा. आमच्यात जावई सासूकडे बघत नाही, तिच्याशी बोलत नाही, तिच्याजवळ जात नाही. त्यानं झटकन तोंड फिरवलं.

"पाण्यात गेली, साहेब. तिथं मगरी आहेत."

"खोटारड्या!" पोलिसानं त्याच्या तोंडावर चाबूक ओढला. कातडं फाटलं.

"पाण्यातच गेली," तो पुन्हा म्हणाला.

पोलीस त्याला घोड्याला बांधून पाणथळीकडे फरफटत घेऊन गेला. थोड्या वेळानं गोळीचा आवाज आला.

संध्याकाळी बायका त्याला उचलून घेऊन आल्या. आजी त्याच्याकडे पाठ करून ढसाढसा रडली. मेल्यावरही तिला त्याचं तोंड बघून चालणार नव्हतं. मग चटई तिनं माझ्या मांडीवर आदळली.

"माझी बोटं गेली. काठ तू पुरा कर. त्याला हिच्यातच गुंडाळायचंय."

"मला कुठं येतं गं?"

"आत्ता येईल!"

पानांनी बोटं चिरली. एक फेर सैल पडला, तर तिनं मोडक्या हातानंच माझ्या थोबाडीत दिली आणि स्वतःच कळवळली.

"उसव तो," ती म्हणाली. "त्यानं तुला नीट झाकलं ना? मग तूही त्याला नीट झाक."