माझ्या पाठीवरचा जून महिना

मित्रांनो, मी एक जुनं निसर्गचित्र आहे. वय पासष्टच्या घरात, जन्म अमेरिकेतला आणि गेली चार वर्षं मुक्काम दुबईत, सिलिकॉन ओएसिसमधल्या एका फ्लॅटमध्ये. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कटकट नको: मी हत्ता, दुबईजवळचं ते डोंगरातलं सहलीचं ठिकाण, नाही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढता काढता माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "अरे, हे हत्ता ना? आम्ही ईदच्या सुट्टीत गेलो होतो."

नाही हो. मी न्यू मेक्सिकोमधला एक ओढा आहे. खाली नारिंगी माती, मधून पांढऱ्या वाळूचा वळणदार पट्टा, मागे जांभळे डोंगर. झाड झाडासारखंच दिसलं पाहिजे असं मला रंगवणारीला वाटत नव्हतं, म्हणून झाडांच्या जागी तीन काळे फटकारे आहेत. मुलांना त्या मुंग्या वाटतात. असो.

एलिनॉर व्हिटकॉम नावाच्या तरुणीने १९६१च्या ऑगस्टमध्ये डोक्याला ओला रुमाल बांधून, अकरा दिवस उन्हात बसून मला रंगवलं. सांता फे गावातल्या एका छोट्या दालनात माझं पहिलं प्रदर्शन झालं. तिथे मला चौकट मिळाली, धुळीपासून जपायला पाठीवर पातळ लाकडी फळी मिळाली आणि त्या फळीवर पहिली चिठ्ठी लागली.

आता ही चिठ्ठी म्हणजे काय ते नीट ऐका, कारण माझी सगळी तक्रार तिच्यावरूनच आहे. चित्र प्रदर्शनाला गेलं की त्याच्या पाठीवर एक छापील चिठ्ठी लावतात. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, मालक कोण, साल कुठलं. तुमच्या पासपोर्टवर शिक्के असतात ना, तसंच. पुढची बाजू कुणीही बघून काढेल. पण मी खरंच मी आहे, हे माझी पाठ सांगते.

डेन्व्हरच्या डॉक्टर बेकर नावाच्या दंतवैद्यांनी मला विकत घेतलं आणि दवाखान्यात लावलं. दाढ दुखणारी माणसं माझ्याकडे बघत बसायची. इतक्या तळमळीने मला पुन्हा कुणी पाहिलं नाही. त्यांच्या नावाची चिठ्ठी लागली. १९६६मध्ये मी शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनात गेलो, तिसरी चिठ्ठी लागली, आणि तिथे मला दोन दिवस उलटं टांगलं होतं. एका गृहस्थांनी माझ्या आकाशाची स्तुती केली. ते आकाश नव्हतं, माती होती! एलिनॉरबाई आल्या, त्यांनी मला उतरवलं आणि चिडून माझ्या फळीवर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. पहिली होती, "वरची बाजू ही." दुसरी पुढे सांगेन. साठ वर्षांत ती कुणीच वाचली नाही, तुम्हीही थोडा धीर धरा.

डॉक्टरांची मुलगी मार्था लग्न करून तेलकंपनीतल्या इंजिनियरबरोबर अबुधाबीला आली, तेव्हा मीही आलो. परत जाताना तिच्या सामानात मला जागा उरली नाही. मी व्हिलाच्या भिंतीवरच राहिलो. भाडेकरू येत गेले, जात गेले. शेवटी व्हिला रिकामा झाला आणि मी सोफ्यांसोबत ट्रकमधून दुबईतल्या अल क्वोजला, मोईनभाईंच्या जुन्या फर्निचरच्या गोदामात पोचलो. माणूस भला, ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलं त्यांनी मला. पण बिनएसीच्या गोदामातला जुलै! माझ्या डोंगराला एक तडा गेला तो तिथेच.

शैलेंद्र ऑफिसांची आतली सजावट करायची कंत्राटं घेतो. तो जुनी सागवानी दारं घ्यायला आला, तेव्हा मोईनभाई म्हणाले, "ले जाओ शैलेंद्रभाई, दरवाज़ों के साथ फ्री. अमरीकन है."

"अमेरिकन म्हणजे प्रिंट असणार," शैलेंद्र म्हणाला आणि मला गाडीत घातलं.

प्रिंट! पण त्याची बायको अनुराधा हिने मला हॉलमध्ये, सोफ्यासमोर लावलं. ऊन थेट येत नाही ना, एसीचं पाणी गळत नाही ना, हे दोनदा बघून लावलं. तीन वर्षं मी सुखात होतो. मग गेल्या सप्टेंबरात कराडहून शैलेंद्रची आई, सुलक्षणाआजी, तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. त्यांनी त्यांच्या भावाला, राजाभाऊंना, व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. राजाभाऊ बँकेतून निवृत्त झाल्यापासून वास्तूचं बघतात.

"थांब, सुलू. मागे घे फोन," राजाभाऊ ओरडले. "हॉलमध्ये कोरडा ओढा? अगं, घरातली आवक आटेल!"

"तरीच शैलूचं टेंडर तीनदा नापास झालं," आजी म्हणाल्या.

"आई, ते चित्र आहे," अनुराधा म्हणाली.

"मग मी कुठे म्हणतेय खरा ओढा आहे?"

उपाय निघाला. मला चपलांच्या कपाटावर हलवायचं आणि माझ्या पाठीवर वाहतं पाणी चिकटवायचं, म्हणजे दोष जातो. आजींनी तिथी बघायला कराडच्या पतसंस्थेचं कॅलेंडर आणलं होतं. जून होऊन गेला होता आणि जूनच्या पानावर होता धबधबा. नात शुभ्रा चौथीत आहे. तिच्या क्राफ्टच्या डब्यातून फेविकॉल आला. अनुराधा ऑफिसात असताना आजींनी ते पान माझ्या पाठीवर कडेपर्यंत, एकही सुरकुती न पाडता चिकटवलं. तिन्ही चिठ्ठ्यांवर आणि पेन्सिलीच्या दोन्ही ओळींवर. मित्रांनो, मी किती ओरडलो असेन! पण चित्राचं ओरडणं ऐकतो कोण?

वर आणखी काय व्हावं? दोन आठवड्यांत शैलेंद्रचं टेंडर पास झालं. खलास. आता तो धबधबा देवघरातल्या तसबिरीइतका पक्का झाला.

नोव्हेंबरात शुभ्राला शाळेतून घरातल्या जुन्या वस्तूवर प्रोजेक्ट मिळालं. तिने टॅबवर माझा फोटो काढला आणि इंटरनेटवर तसंच चित्र शोधलं. तर तिथे मी! शिकागोचा काळा-पांढरा फोटो, एलिनॉर व्हिटकॉम यांच्या चित्रांच्या यादीत चौदावा.

"मम्मा, इट सेज व्हेअरअबाउट्स अननोन," शुभ्रा म्हणाली. "बट इट्स अबव्ह अवर शूज!"

ठावठिकाणा अज्ञात. आणि मी इथे, सँडलांच्या वर.

ती यादी एलिनॉरबाईंच्या गावातल्या म्युझियमची होती; अनुराधाने त्याच दिवशी त्या म्युझियमला मेल लिहिला. उत्तर लगेच आलं. एलिनॉरबाई त्र्याण्णव वर्षांच्या आहेत. मार्चमध्ये त्यांच्या गावी त्यांच्या सगळ्या चित्रांचं पहिलंच प्रदर्शन आहे, आणि चौदा नंबरचा ओढा सापडला का, हे त्या प्रत्येक फोनवर विचारतात. फक्त खात्री पटायला हवी. माझ्या नकला निघालेल्या आहेत. तेव्हा कृपया पाठीचे फोटो पाठवा.

अनुराधाने मला उतरवून उलटं केलं. जून महिना. धबधबा. खाली मोठ्या अक्षरांत, "आपल्या ठेवी आमच्याकडे सुरक्षित."

तिने तोच फोटो पाठवला, बिचारी दुसरं काय करणार? ही चिठ्ठी कुठल्या प्रदर्शनाची, असं तिकडून फार आदराने विचारणारं उत्तर आलं.

मग घरात जुंपली. अनुराधाने कोपऱ्यातून नखाने पान उचलायला सुरुवात केली. शैलेंद्र म्हणाला, "हेअर ड्रायर आण, यल्ला, चल लवकर, पाच मिनिटांचं काम आहे." माझ्या अंगावर काटा आला. ओढलं तर कागदाबरोबर चिठ्ठ्याही जाणार, एवढं कळू नये?

आजी मात्र मधे येऊन उभ्या राहिल्या. "हात लावायचा नाही. कंत्राट कुणामुळे मिळालं?"

"आई, टेंडर मी भरलं होतं."

"भरलं होतंस तीनदा. पास कधी झालं?"

अनुराधा म्हणाली, "आई, त्या बाई वाट बघतायत हो." आजी हलल्या नाहीत. दोन दिवस मी डायनिंग टेबलवर पालथा पडून होतो. लोक माझ्या शेजारी बसून जेवत होते, आणि मी आमटीच्या प्रत्येक पळीवर नजर ठेवून होतो.

शेवटी शुभ्राने आपलं अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी चालवलं. "आजी, शी इज नाइन्टी-थ्री. तिला एकदाच बघायचंय. जस्ट वन्स."

"त्र्याण्णव?" आजींनी विचारलं. "म्हणजे माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठी." त्यांनी धबधब्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "काढा. एवढ्या वयाच्या बाईला ताटकळत ठेवायचं नसतं. पण एक अट आहे. धबधबा फाटता कामा नये."

जुना कागद सोडवणारी ऋता अल क्वोजमध्येच भेटली, मोईनभाईंच्या गोदामापासून तिसऱ्या गल्लीत. तिने नखाने उचललेला कोपरा बघून अनुराधाकडे अशा नजरेने पाहिलं की माझं निम्मं समाधान तिथेच झालं. तीन दिवस ती ओलसर टिपकागद ठेवून, पातळ पातीने वीतभर-वीतभर कागद सोडवत होती. शिकागो निघालं, अख्खं. डेन्व्हर निघालं. सांता फेची चिठ्ठी मात्र त्या उचललेल्या कोपऱ्याखालीच होती. ती अर्धी फाटली आणि सालाचे आकडे गेले. माझ्या पहिल्या प्रदर्शनाचं साल आता कुठेच लिहिलेलं नाही. कुणाला दोष देऊ?

तिसऱ्या दिवशी सगळं घर तिथे आलं होतं, आजीसुद्धा. ऋताने दिवा तिरका धरला. "पेन्सिलीने काहीतरी आहे," ती म्हणाली. "वरची बाजू ही." मग खाली वाकून तिने दुसरी ओळ वाचली आणि मराठीत सांगितली.

"ओढा कोरडा नाही. पाणी वाळूखालून वाहतंय."

मग आजी पदर सावरत म्हणाल्या, "घ्या. पाणी तिथे होतंच. मी काय वेगळं चिकटवलं?"

त्याच दुपारी राजाभाऊंना फोन गेला. ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं." काय म्हटलं होतं, ते विचारायची कुणाची टाप नाही.

आता मी एलिनॉरबाईंच्या गावातल्या म्युझियमच्या भिंतीवर आहे. परवा त्या चाकांच्या खुर्चीतून आल्या. सगळे कॅमेरे माझ्या पुढच्या बाजूकडे रोखलेले, आणि बाई म्हणाल्या, "उलटं करा." हातमोजे घातलेल्या दोघांनी मला फिरवलं. बाईंनी आपली ओळ बोट न लावता, हवेतल्या हवेत बोट फिरवून वाचली. साठ वर्षांपूर्वी चिडून लिहिलेली ती ओळ वाचताना या वेळी त्या चिडलेल्या नव्हत्या.

मग त्यांना फळीला बांधलेला पारदर्शक लिफाफा दिसला. हो, धबधबा! ऋताने जपला, म्युझियमनेही जपला, कारण चित्रावर जे जे आलं ते त्याच्या इतिहासाचा भाग असतं म्हणे. वैताग आहे नुसता. बाईंनी विचारलं, "हा कुठला धबधबा?" कुणालाच सांगता येईना. दुबईला मेल गेला, दुबईहून कराडला फोन गेला आणि आजींचं उत्तर आलं, "जूनचा."

बाई इतक्या हसल्या की नर्सला पाणी आणावं लागलं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूवर काहीही चिकटवण्याआधी, घासण्याआधी, फेकण्याआधी ती एकदा उलटी करून वाचा. एवढं एकच मागणं आहे माझं. मेमध्ये मी परत सिलिकॉन ओएसिसला येतोय. पाठीवर नवी, चौथी चिठ्ठी आहे, मालकाच्या जागी शुभ्राचं नाव आहे, आणि हॉलमधली जागा अनुराधाने रिकामी ठेवली आहे. राजाभाऊंचीही हरकत नाही. पाणी वाळूखाली आहे, हे आता त्यांना लेखी मिळालंय.

फक्त मी हत्ता नाही, एवढं पाहुण्यांना सांगा.