कासारखिंड रेडिओवरचं स्वागत

रेडिओ कासारखिंडचा इतिहास म्हणजे या पंचक्रोशीच्या जागृतीचा इतिहास होय. हे वाक्य स्मरणिकेसाठी मीच लिहिलं, केंद्रप्रमुख या नात्यानं. प्रत्यक्षात तोवर आमच्या केंद्रावर एकही कार्यक्रम झालेला नव्हता. उद्घाटनाच्या दिवशी सुरू झालेलं मान्यवरांचं स्वागत तेव्हाही चालूच होतं, आणि माइकवर ज्याचं नाव घ्यावं तो माणूस खुर्चीसकट स्टुडिओत येई.

ट्रान्समीटर कमी ताकदीचा, एवढंच आमचं नशीब. आवाज खिंडीपलीकडे जात नाही, त्यामुळे परगावचं कोणी आलं नाही.

पहिल्या दिवशी आमच्या निवेदिकेनं, सुलभा गायधनीनं, सगळ्यांची नावं घेतली. फक्त माजी उपसरपंच धोंडीराम वाघचौरे राहिले. दुसरीकडे कुठं असतं तर माफी मागून पुढे गेले असते. आम्ही स्वागत पहिल्यापासून सुरू केलं. वाघचौरे आले, मांडी ठोकून बसले, आणि चुलतभावाचंही राहिलंय म्हणाले. चुलतभाऊ आला. त्याला आपला व्याही आठवला.

येईल त्याला शाल आणि नारळ. नारळ ते मांडीवर धरून बसत. शाली आम्ही भिंतींना लावल्या, आवाज घुमू नये म्हणून. त्यामुळे भिंती आत येत गेल्या. खोली मुळातच एका टेबलापुरती. मान्यवर एकावर एक रचून बसले. वरचे छताला मान टेकवून, पण समाधानी. चहापानाशिवाय कोणी उठेना, चहापान आभारानंतर, आणि आभार कार्यक्रमानंतर. हे मी त्यांना समजावून सांगायला गेलो की ते टाळ्या वाजवत.

सुलभाला एकच कार्यक्रम करायचा होता: तिच्या आईच्या कुरडया. गव्हाचा चीक किती घोटायचा, सोऱ्या कसा धरायचा. आई, गयाबाई, अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. पोरीचा कार्यक्रम रेडिओवर ऐकल्याशिवाय मी जात नाही, असं त्या म्हणत, आणि ही चिकात मीठ घालायचं विसरणार, असंही. उशाशी रेडिओ लावून त्या दिवसभर लोकांची आडनावं ऐकत.

एका दुपारी नावं संपली. गाव सगळं स्टुडिओत होतं. गयाबाईंना मात्र कोणी मान्यवर समजलं नव्हतं, म्हणून त्या घरी होत्या.

"सुलभाताई, आता कुणाचंही नाव घेऊ नका," मी बजावलं. "कुरडया करा आणि आभार माना."

माइक तिच्या ओठांना टेकला होता, भिंत पाठीला.

"नमस्कार. आज माझ्या आईच्या कुरडया."

"आईला नाव नाही का?" वरून वाघचौरे म्हणाले.

"नंतर घेऊ, आप्पा."

"माझ्या व्याह्याच्या साडूचं घेतलं, आणि जिच्या कुरडया तिचंच राहतंय. सर, तुम्ही तर शिकलेले."

छतापर्यंत सगळे चुकचुकले. पुन्हा पहिल्यापासून स्वागताची पाळी आली असती. सुलभानं माझ्याकडे पाहिलं. मी शालींच्या खोक्याकडे पाहिलं. एक उरली होती.

"गयाबाई रखमाजी गायधनी," ती म्हणाली.

गयाबाई खाटेसकट आल्या. खाट मावावी म्हणून मला टेबलाखाली जावं लागलं. कोणीतरी त्यांना शाल पांघरली, पोटावर नारळ ठेवला. त्यांनी उशाशी चाचपलं.

"माझा रेडिओ कुठंय? आत्ता सुलीचं लागलं होतं."

"आई, मी इथंच आहे. ऐक."

"इथं तर तू रोजच बोलतेस. मला रेडिओवर ऐकायचंय."

रेडिओ आणायला मी निघालो असतो, पण दार शालींमागे कुठं होतं ते आता कोणालाच आठवेना. गयाबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. रेडिओ येईपर्यंत फुकट ऐकून टाकायचं नाही म्हणाल्या.

सुलभानं माइकवर चीक शिजवायला घेतला. मान्यवर पहिल्यांदाच गप्प झाले. मीठ तिनं वेळेवर घातलं.

गावातल्या सगळ्या घरांत रेडिओ चालू होते. स्टुडिओत एकही नव्हता.